पाण्याची पाठ

मिझे पाच वर्षांची. समुद्राकडे तोंड करून जेवत नाही.
घराचं दार नेमकं त्याच बाजूला,
म्हणून ती मागच्या खिडकीतून उतरते,
शेळ्यांच्या खुंट्यांना वळसा घालून शाळेत जाते.
तिची आई हसते. मी हसत नाही.
मी या घरात नवा आहे,
माझ्या चपला अजून उंबऱ्याबाहेर असतात.

तिचा बाप दारेसलामच्या बोटीत चढला
तेव्हा ही धक्क्यावर होती, आईच्या काखेत.
बोट लहान झाली, मग ठिपका, मग
पाणी सपाट, जसं काही घडलंच नाही.
सारं जांबियानी जाणतं, तो तिकडे मजेत नांदतोय.
मिझेच्या हिशेबात मात्र
त्याला कोणी गिळलं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय.

आधी मी चुकलो. तिला उचलून नेलं,
कंबरभर पाण्यात उभा राहिलो, म्हटलं, बघ, काही होत नाही.
माझ्या मानेवर तिच्या नखांचे वळ उठले.
तीन दिवस माझ्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही.
म्वानाखमिस म्हणाली, "मकामे,
फळी तासताना आधी लाकडाची रेघ बघतोस ना?"
मी होड्या बांधतो. खिळा बरोबर जागी बसला.

मग नव्या चांदाची वाट पाहिली.
उधाणाच्या त्या दिवसांत समुद्र जितका चढतो तितकाच ओहोटतो,
होड्या कुशीवर आडव्या पडतात,
बायका पोती घेऊन शेवाळाच्या दोऱ्यांकडे
चालत जातात, दूर, मुंग्यांएवढ्या होईपर्यंत.

"मिझे, तो गेलाय."
"खरंच?"
"पाठ फिरवून. कुठवर गेलाय, बघून येऊ?"

पुढच्या दारातून.
माझ्या हाताला तिनं हात लावला नाही,
माझ्या सावलीत चालली.
काटेरी काळे गोळे दाखवले, पाय कुठं टाकायचा नाही ते दाखवलं.
मेलेला खेकडा तिला जिवंत खेकड्यापेक्षा आवडला.
एका डबक्यात बोटाएवढा मासा अडकला होता.
"हा राहिला."
"वाट बघतोय."
"तो येईल?"
"असरच्या बांगेआधी येईल."
"आणि बाबा?"

होडीच्या फटीत मी तेलात भिजवलेला कापूस ठोकतो.
या फटीत घालायला माझ्याकडे काही नव्हतं.
"ते मला ठाऊक नाही," म्हटलं. "पण पाण्यानं त्याला नेलं नाही,
तो पाण्यावरून गेला. बोटी माणसं बांधतात."
ती माझ्या हातांकडे बघत राहिली.
"म्हणजे तू नेलंस?"
"ती बोट माझी नव्हती. ती लोखंडाची."
"लोखंड बुडतं."
"बुडतं ना. ती नाही बुडली."
यावर तिनं बराच विचार केला. माझाही विचार तेव्हा पहिल्यांदाच झाला.

मग पाणी आलं. लाट वगैरे नाही,
आधी आमच्या पावलांच्या ठशांत ओल, 
मग पातळ, कोमट, धुतलेल्या कांग्यासारखं पसरत.
तिच्या अंगठ्याला लागलं.
तिनं माझी करंगळी धरली, पिरगाळलीच म्हणा,
पण पळाली नाही.
तोंड वळवून गावाकडे चालू लागली, पाण्याच्या पुढे पुढे,
आणि चुकार शेळीला दटावतात तसं मागे न बघता दटावत राहिली:
"हळू. हळू ये. ढकलू नकोस."
ते आलं. हळूच आलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीतून गेली.
त्याच्या पुढच्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी दारातून, डोळ्यांवर पाटी धरून.

काल रात्री अंथरुणातून आवाज आला,
"मकामे, तो परत गेला का?"
मी कान दिला. दूर, प्रवाळाच्या कडेवर नुसती घरघर.
"गेला."
"पहाटे येईल?"
"येईल."
"मग आत्ता दार लाव."
मी लावलं, आतून.
चपला बाहेर राहिल्या. पाणी तिथवर येत नाही.